वरचा पंख

"गोंद जास्त झाला, बुरुल. पुसून घे," एसेनकुल म्हणाला. "थेंबभर पुरतो. मग नुसतं धरून बसायचं."

"किती वेळ?"

"हाताला कळतं. तुकडा हलायचा थांबला की सोडायचा."

सात वर्षांच्या नातीने चिमुकलं चाक दोन बोटांत धरून ठेवलं. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं आणि त्यावर प्लॅस्टिकचे हिरवे तुकडे. जोडले की वीतभर विमान होणार होतं, खाली एक आणि वर एक अशा पंखांचं. तिचा बाप, म्हणजे एसेनकुलचा मुलगा कुबात, असंच विमान घेऊन डोंगरातल्या गावांना टपाल आणि औषधं पोचवायचा. खोकं त्यानेच फ्रुंझे शहरातून आणलं होतं. मी परत आलो की दोघं मिळून करू, तोवर हात लावायचा नाही, असं लेकीला बजावलं होतं.

कुबात आता परत येणार नव्हता.

एसेनकुलचं सारं आयुष्य धावपट्टीवर मेकॅनिक म्हणून गेलं होतं. निवृत्त झाल्यावरही सकाळचा चहा तो तिकडेच घ्यायचा. आज फाटकात हवामान बघणारा नवा माणूस भेटला. शहरातला, इथली रीत ठाऊक नसलेला. त्याने तोंडावर सांगून टाकलं. विमान खिंडीत कड्यावर आदळलं, कोणी वाचलं नाही.

अशी बातमी कोणी एकट्याने, उभ्या उभ्या सांगत नाही. गावातले अक्सकाल, पांढऱ्या दाढीची माणसं, जमून घरी येतात. बसतात. कुठूनतरी लांबून सुरुवात करतात. शेवटचा शब्द येईपर्यंत ऐकणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना कोणी ना कोणी बसलेलं असतं.

"तू मला काही सांगितलं नाहीस," एसेनकुल त्या माणसाला म्हणाला. "आणखी कुणाला सांगूही नकोस."

बुरुलची आई मेंढ्यांबरोबर वरच्या कुरणावर होती. घरी पोर एकटी. तिला हे रीतीनेच कळायला हवं होतं. पण अक्सकालांना बोलवायला जावं, तर मागे टेलिफोन वाजायचा आणि कुणीतरी तिच्या कानात सगळं ओतायचं. तो तडक घरी आला.

तेव्हा खोकं उघडलेलं होतं. टेबल पुसून, तुकडे मांडून बुरुल वाट बघत बसली होती.

"बाबासाठी थांबायचं नाही?" त्याला विचारावंच लागलं.

"ते फार जोरात दाबतात. तुम्ही शिकवा."

त्याने हळूच टेलिफोन उचलून कानाला लावला. मुका होता.

"बिघडलाय तो," बुरुल तुकड्यांवरची नजर न काढता म्हणाली.

एसेनकुलला हायसं वाटलं. आता घाई नव्हती. एरवी चलाख हातांची ही पोर आज सारखी चुकत होती. चाक उलटं लावलं, शेपटीचा तुकडा दोनदा पाडला. तो रागावला नाही. जितका वेळ जाईल तितका बरा.

"हा वैमानिक आधी बसवायचा," त्याने नखाएवढा माणूस तिच्या तळहातावर ठेवला. "दोन्ही बाजू चिकटल्या की आत जाता येत नाही."

"आणि बाहेर?"

"बाहेरही नाही."

बुरुल त्या माणसाकडे बघत राहिली. मग उशीतून कापसाचा तंतू ओढून तिने त्याच्या पाठीमागे सरकवला. "टोचायला नको," ती म्हणाली.

गोंदाची वाफ डोळ्यांत गेली म्हणत एसेनकुल खिडकीशी जाऊन उभा राहिला.

"आजोबा, छातीची गोळी घेतलीत?"

"तू काय डॉक्टरीण?"

"डॉक्टरीण सुई टोचते. मी नुसती ओरडते. घ्या."

त्याने गोळी जिभेखाली ठेवली.

दुपार कलली. या वेळेला कुबातचं विमान छपरावरून जायचं, जाताना एक पंख झुकवायचं. बुरुल हातातलं टाकून अंगणात धावायची. बाहेर वारा सुटला. उंच झाडांच्या रांगेतून तो घरघरत आला, थेट इंजिनासारखा. छपरावर आला, पुढे गेला. एसेनकुलने मुद्दाम मान वर केली नाही. बुरुलही उठली नाही. पोर कामात गढली आहे हे पाहून त्याने मनोमन देवाचे आभार मानले.

"आता वरचा पंख," तो म्हणाला. "हे एकट्याचं काम नाही. तू तिकडून धर, मी इकडून."

चार हातांनी दोघं पंख धरून बसले.

कुत्रं भुंकलं. दार उघडून ओस्मोनाली आके आत आला. गावातला सगळ्यांत वयस्कर माणूस, म्हणून सगळ्यांचा आके, थोरला भाऊ. मागोमाग आणखी दोघं अक्सकाल, आणि औषधांची पेटी घेतलेला कंपाउंडर. तिघांनी कल्पाक टोप्या काढल्या नाहीत, चहा मागितला नाही. गालिच्यावर बसले.

बातमी फुटली होती तर. बरं झालं, आपणहून आले. पेटीसुद्धा आणली. एसेनकुलने पंख सोडला, नातीला कुशीत ओढलं आणि तिच्या खांद्यावर हात घट्ट ठेवला.

"एसेनकुल," ओस्मोनालीने घसा खाकरला. "ससाणा कितीही उंच उडाला, तरी आभाळ काही त्याचं घर नसतं..."

एसेनकुलने हात वर केला. "मला कळलंय, आके. सकाळी फाटकातच कळलं. तुम्ही हिला सांगा. हिच्यासाठीच मी दिवसभर हे खेळणं घेऊन बसलोय."

तिघा म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"हिला काय सांगू?" ओस्मोनाली म्हणाला. "सकाळी तू बाहेर पडल्यावर फोन हिनेच उचलला. मग घरोघर येऊन आम्हाला सांगून गेली. म्हणाली, तुम्ही सगळे जमून या, कंपाउंडरला आणा, तोवर मी आजोबांना विमानात गुंतवून ठेवते."