गच्चीवरच्या पापड्या

गच्चीवर वाळत घातलेल्या साबुदाण्याच्या पापड्यांमध्ये वीतभर टक्कल पडलेलं पाहून शकूताई थबकल्या. कुणीतरी ओलसर पापड्या पळवल्या होत्या.

ही चार मजली इमारत उभी राहिली ती त्यांच्या माहेरच्या पत्र्याच्या घराच्या जागेवर. तेव्हा आईनं पत्र्यावर वाळवण घातलं, की गल्लीतली पोरं टपूनच बसायची आणि राखणीला काठी घेऊन शकू. आताच्या मुलांना पिझ्झा घरपोच मिळतो. वाळवणाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. ताईंना तेच जरा लागायचं.

त्या तडक खाली गेल्या आणि वॉचमनला गच्चीवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण लावायला सांगितलं. पडद्यावर तिसऱ्या मजल्यावरचे शेटेअण्णा उगवले. पंचाहत्तरी उलटलेली, गुडघ्याला पट्टा. इकडेतिकडे बघत ते वाकले, दोन पापड्या तोंडात टाकल्या, मूठभर खिशात कोंबल्या आणि लंगडत पसार झाले. पूर्वी पत्र्यावरून उडी मारून पळायचा, तोच हा माणिक.

"सेक्रेटरीसाहेबांना सांगू का, ताई?" वॉचमननं विचारलं.

"कशाला? मांजर आहे ते," ताई हसू दाबत म्हणाल्या. "जुनं आहे, ओळखीचं."

वॉचमननं एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा ताईंकडे, आणि चित्रण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी ताईंनी पापड्या जिन्याच्या दाराशीच घातल्या, म्हणजे दुखऱ्या गुडघ्याला फार चालायला नको. मग काठी घेऊन त्या पाण्याच्या टाकीआड दबा धरून बसल्या.