कोऱ्या चौकटी

धंतोलीतल्या हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, नर्सच्या टेबलाशी बसून गार्गी स्क्रीनकडे बघत होती. अंजनाबाईंचा फॉर्म उघडा होता. ‘न चालणारी औषधं’ या यादीतल्या सगळ्या चौकटी कोऱ्या होत्या.

“भरती करताना मीच खूण केली होती,” मेघा सिस्टर म्हणाली. “कोणत्या औषधावर, ते आता आठवत नाही. सकाळपासून कोणाचाही फॉर्म उघडला की खुणा गायब.”

या फॉर्मचा प्रोग्राम गार्गीनेच लिहिला होता. नवा बदल कालच बसवला होता. तिने कोड वर-खाली केला आणि थांबली. पेशंटच्या नोंदीतलं औषध आणि यादीतलं औषध. नाव एक, क्रमांक एक. पण दोन्ही एकच आहेत हे कशावरून ओळखायचं, ते तिने प्रोग्रामला सांगितलंच नव्हतं. त्याच्या लेखी ती दोन वेगळी औषधं होती. म्हणून खूण नाही.

दोन ओळींचं काम. तिने ते केलं. चौकटी तरी कोऱ्याच.

“सिस्टर, सकाळी फॉर्म नुसता पाहिला, की सेव्ह केला?”

“ताप, बीपी भरून सेव्ह केला. सगळ्यांचेच केले. राउंड होता न.”

म्हणजे जुन्या खुणांच्या जागी कोऱ्या चौकटीच सेव्ह झाल्या होत्या. मेघाच्या ट्रेमध्ये अंजनाबाईंचं इंजेक्शन भरून तयार होतं.

“हे देऊ नका,” गार्गी म्हणाली. “कोणालाच काही देऊ नका.”

“इन्फेक्शन रक्तात गेलं आहे, म्याडम. थांबलो तर बाई हातची जाईल.”

मेघाने फोन करून बाकीच्या मजल्यांवरची इंजेक्शनं थांबवली. कालची माहिती परत आणायला संध्याकाळ होईल, असं गार्गीच्या ऑफिसने सांगितलं. अंजनाबाई तापात बेशुद्ध होत्या. स्टुलावर त्यांचा नवरा लहानू बसला होता. गार्गी त्याच्यासमोर खालीच बसली.

“काकाजी, यांना कोणतं औषध चालत नाही? आठवा न.”

“गावच्या डॉक्टरनं नाव सांगतलं होतं. इथं तुम्ही लोकायनं लिहून घेतलं, मंग मी सोडून देल्लं.”

गावच्या डॉक्टरचा फोन लागत नव्हता. शेवटी इथल्या डॉक्टरांनी टेस्ट करायला सांगितली. मेघाने ट्रेमधल्या त्याच औषधाचा थेंबभर अंश अंजनाबाईंच्या हाताच्या कातडीखाली टोचला आणि भोवती पेनाने गोल काढला. तिघंही त्या गोलाकडे बघत राहिली.

हळूहळू आतली कातडी फुगली, लाल झाली. मेघाने भरलेलं इंजेक्शन फेकलं आणि दुसरं औषध मागवायला धावली.

“हेच होतं वाट्टे,” लहानू म्हणाला. “काय म्हणते याले?”

गार्गीने नाव सांगितलं. तो ते ओठांतल्या ओठांत घोकू लागला.

“आता फॉर्म नीट केलाय, काकाजी. त्यात राहील ते.”

त्याने मान हलवली. घोकणं थांबवलं नाही.