साहेबाचा कोट

काश्मीरच्या बर्फात साहेबानं स्वतःचा कोट काढून कामाला सोबत आणलेल्या बिरूच्या अंगात घातला, वर टोपी आणि काळा चष्माही दिला, तेव्हा बिरूला गहिवरून आलं. घोंगडीवर जन्म काढलेल्या धनगराला एवढी माया कुणी लावली होती? महिनाभर साहेब शेकोटीपासून हलला नव्हता. त्याच्या पायात बांधायच्या फळ्या डोंगरावर वाहता वाहता बिरूच बर्फावरून घसरायला शिकला होता. आता साहेबाच्या कोटात, तोरण्याच्या वाळल्या गवतावरून उतरावं तसा, काठी मागं काखेत दाबून तो झरझर खाली आला. फोटो निघाला आणि साहेबानं कोट परत घेतला.

घरी आल्यावर बिरूनं त्या कोटाची गोष्ट अख्ख्या धनगरवाड्याला सांगितली.

पुढं साहेबाच्या भोरच्या बंगल्यावर पाहुणे जमले. भिंतीवर तोच फोटो होता. तोच कोट, काळा चष्मा, मागं काखेत दाबलेली काठी.

"हा मी," साहेब म्हणाला. "बिरू होता तिथं. विचारा त्याला."

ती माया कशासाठी होती, हे बिरूला आत्ता उमगलं. त्यानं चहाचा ट्रे खाली ठेवला.

"व्हय, म्या हुतो की तितं," तो म्हणाला. "साहेबांच्या अंगात तवा कोटबी नव्हता."