मोडलेली सावड

"न्हाई म्हनलं ना! तिकडं अरबांनी तेल आखडलंय, मी कुठनं आनू?" पंपावरचा माणूस खेकसला.

सहादेवनं रिकामा डबा उचलला. असे किती हेलपाटे झाले, त्याचं त्यालाच ठाऊक. कुठलं ते अरबस्तान आणि कुठलं हे घोडेगाव! पण त्यांनी तिकडं हात आखडला आणि इकडं सहादेवचं डिझेल इंजिन मुकं झालं. विहिरीत पाणी होतं. गहू ओंबीवर आला होता. आता एक पाणी मिळालं तर ठीक, नाहीतर दुष्काळात फोडली तशी पुन्हा खडी फोडायला जायचं. नुसत्या विचारानंच त्याचे हात दुखायला लागले.

"कानिफभावजींचे बैल मागा की," घरी येताच बायको, चांगुणा, म्हणाली.

"कोनत्या तोंडानं मागू?"

ते खरंच होतं. ओढ्यापलीकडचा कानिफ त्याचा सावडीतला. आज माझे बैल तुझ्या रानात, उद्या तुझे माझ्या रानात, ही बापापासूनची रीत. सहादेवनं बैल विकले, सुरुंग लावून विहीर खोल केली, इंजिन बसवलं आणि सावड मोडली. वर मोट हाकणाऱ्या कानिफची चारचौघांत टिंगलही केली. तेव्हापासून तो ओढ्यापलीकडं फिरकलाच नव्हता.

शेवटी लाज गिळून तो कानिफच्या घरी गेला. कानिफ ओसरीवर बसून होता. सहादेवनं बैल मागताच तो उठला. बैल सोडले, मोट खांद्यावर टाकली आणि चालू लागला.

दिवसभर कानिफनं मोट हाकली, सहादेवनं वाफ्यांची दारं धरली. दोघांच्या कमरेचा पार काटा ढिला झाला, पण सगळं रान भिजलं. सहादेवला भडभडून आलं. आपण एवढं बोलूनसुद्धा हा माणूस आला होता.

"कानिफ, सावड मी मोडली, मीच जोडतो," तो म्हणाला. "उद्या तुझ्या हिरीवर मी मोट हाकतो. तुझा गहूबी तहानला असंल."

कानिफ बैलाची मान चोळत राहिला.

"औंदा गहू पेरलाच न्हाई रं. तुझं इंजन सुरू झालं, तशी माझी हीर आटली. उगंच का बैल मोकळे हुते?"