सात जणांची हजेरी

"उद्या आठला गाडी येईल. या वेळी नाही म्हणायचं नाही हं, आजी," शर्मिलानं तिसऱ्यांदा बजावलं.

रुक्मिणीआजी खाटेवर बसून नुसती हसली. दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू पुरता पिकला होता. मालवणच्या शिबिराला तिनं तीनदा नकार दिला होता. आणखी उशीर केला तर दृष्टी येईलच असं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. महिन्यापूर्वीच घाटावरून बदलून आलेली ही नर्स मात्र हट्टाला पेटली होती.

"मेंढरांका सोडून मी खंय जातलंय?"

कोकणात मेंढरं तशी नवलाचीच. भातं कापून झाली की घाटावरचे धनगर खाली उतरतात आणि खतासाठी लोकांच्या शेतात कळप बसवतात. एका वर्षी जाताना त्यांनी एक लंगडं कोकरू आजीच्या पदरात टाकलं. त्याचीच पुढे सात झाली. आजीनं त्यांना पोटच्या पोरांसारखं वाढवलं.

"तुमी बोला. मी मेंढरांका चारो घालून येतंय," म्हणत दाजी खाकरत परसातल्या मांगराकडे, मेंढरांच्या गोठ्याकडे गेले. बायकोचे डोळे गेल्यापासून सगळं तेच बघत.

थोड्या वेळानं मागून आवाज आला. "बेंऽऽ!"

आजीचा चेहरा उजळला. "ही शेवंती. सदाची कुरकुरी. पुढ्यात चारो आसलो तरी शेजारणीचो बघतली."

मग एक जाडाभरडा, तुटक आवाज.

"ह्यो वकील. कोणी काय म्हटला नाय, तरी वाद घालतलो."

पाठोपाठ चिरकी, कोवळी हाक. आजी गालात हसली. "आणि ह्या पिल्लू. आवस जरा लांब गेली की रडता."

शर्मिला रंगून गेली. तिच्या माहेरच्या शेळ्या एकदम कालवा करायच्या. इथं एकीचं संपल्यावरच दुसरी तोंड उघडत होती. किती शिस्त!

"ही कोण? हिचा आवाज बसलाय वाटतं."

"ठकी. चार दिस खोकता बिचारी."

आजीचा तो आनंद बघून शर्मिलाला भरून आलं. तिनं आजीचा हात धरला. "एवढा जीव आहे ना त्यांच्यावर? मग डोळे येऊ देत की. सगळ्यांना डोळे भरून बघा. आणि दाजी! परवा उपकेंद्रात येऊन माझ्यापुढे हात जोडले त्यांनी. तिला कसंही करून न्या म्हणाले."

आजीचे डोळे पाण्यानं भरले.

"माका ठावक आसा. तेंका वाटता, माका दिसूक व्हया."

"मग अडतंय कुठं?"

मांगरातून पुन्हा पिल्लाची हाक आली. ती संपेपर्यंत आजी थांबली. मग शर्मिलाला जवळ ओढून तिनं आवाज अगदी खाली आणला.

"मेंढरां तीन वर्सांमागेच धनगरांबरोबर घाटार गेली गो, बाय. माका दिसूक लागला, तर मांगरात बसान हे कोणासाठी ओरडतले?"