दहा हजारांचा पिचर

"बारा लाख. त्याखाली एक डॉलरही नाही," डार्लीन कॉलियर म्हणाली आणि तिने ऑरिन टटलच्या बशीत पीच पायचा आणखी एक तुकडा वाढला.

टटलला हे नवीन नव्हतं. बेसबॉलच्या एका संघासाठी कॅन्सस आणि नेब्रास्कातली पोरं हेरण्यात त्याची सव्वीस वर्षं गेली होती. या काळात त्याने बऱ्याच आया पाहिल्या, पण ही पक्की होती. तिचा ब्रेडन अठरा वर्षांचा, डावखुरा पिचर. ताशी सत्त्याण्णव मैलांनी चेंडू फेकायचा. कॉलेजची शिष्यवृत्ती हातात होतीच. आकडा मनासारखा नसला, तर पोरगा तीन वर्षं कॉलेजात जाणार आणि संघ हात चोळत बसणार.

"तिसऱ्या फेरीच्या निवडीला आम्हाला नऊच लाख आहेत, बाई."

"मग इतक्या लांब कशाला आलात?"

"वरचे तीन कुठून आणता येतील ते बघतो."

"बघा. फक्त त्याच्या कोपरात खोट काढून आकडा उतरवू नका. कोपराचे फोटो मी तुमच्या आधीच काढून घेतलेत."

वरचे तीन आणायची वाट एकच होती. दरवर्षी लीगमधले संघ आळीपाळीने, फेरीमागून फेरी नवी पोरं निवडतात आणि प्रत्येक निवडीमागे लीगने एक रक्कम ठरवून दिलेली असते. एखादा मुलगा कमी घेऊन सही करायला राजी झाला, तर उरलेले पैसे दुसऱ्याला देता येतात. त्याने सहीच केली नाही, तर मात्र ती अख्खी रक्कम संघाच्या हातून जाते. म्हणून टटलसारखे लोक दरवर्षी एखादा स्वस्त पोरगा शोधून ठेवतात. कॉलेज संपलेला, बावीस वर्षांचा, दुसऱ्या कुणी न विचारलेला. तो देऊ तेवढ्यावर सही करतो.

यंदाचा तसा पोरगा कर्टिस नोव्होत्नी. टटलने त्याला नेब्रास्कातल्या एका धान्याच्या कोठारावर गाठलं. कर्टिस मक्याचे ट्रक तोलत होता. अंगावरची धूळ झटकत तो टटलच्या गाडीत येऊन बसला.

"सहाव्या फेरीच्या निवडीला तीन लाख दहा हजार असतात," टटल म्हणाला. "तुला त्यातले दहा हजार."

"बरं."

"बरं काय? घासाघीस नाही करणार?"

"दहा हजार पुष्कळ झाले, साहेब. इथे तेवढ्यासाठी चार महिने ट्रक तोलावे लागतात."

पोरगा टटलला आवडला, म्हणून त्याने खरं ते सांगून टाकलं. "तुझा चेंडू अठ्ठ्याऐंशीच्या पुढे जात नाही. दोन वर्षं ठेवतील, मग घरी पाठवतील. तुझ्या जागेचे पैसे दुसऱ्या एकासाठी हवेत."

"तो चांगला टाकतो?"

"सत्त्याण्णव."

कर्टिसने हळूच शीळ घातली. "मग त्याला मिळायलाच हवेत. पण मला सहाव्या फेरीत नक्की घेणार ना? ऐन वेळी भलताच कुणी नको."

"शब्द देतो."

कुठे हजर व्हायचं, पगार किती, शिकवणार कोण, यातलं एकही त्याने विचारलं नाही. टटलला अशी बिनतक्रार पोरं बरी वाटत.

निवड झाली. तिसऱ्या फेरीत ब्रेडन कॉलियर, सहाव्या फेरीत कर्टिस नोव्होत्नी. दुसऱ्या दिवशी कर्टिसचा फोन आला. वडील इस्पितळात होते, त्याला थोडे दिवस हवे होते. "सावकाश ये," टटल म्हणाला. "मुदत महिनाअखेरपर्यंत आहे."

टटलचा वरिष्ठ मारोनी रोज विचारायचा, "त्या स्वस्तातल्या पोराची सही झाली का रे?"

"तो माझ्या खिशात आहे. काळजी त्या आईची करा."

"करतोच आहे. मालक वर एक पैसा सोडणार नाहीत. यंदा चुकलो तर पुढच्या वर्षी आपण दोघं बेसबॉल टीव्हीवर बघू."

मुदतीचा दिवस उजाडला. पाचच्या आत कागद लीगकडे जायला हवे होते. संघाच्या कचेरीत बसून डार्लीनने करारनामा दोनदा वाचला. पुढे कधी शिकायचं झालं तर फी कोण भरणार, या कलमावर ती दीड तास अडून बसली. टटलचा सदरा पाठीला चिकटला. अखेर दुपारी तीनला तिने मान डोलावली. ब्रेडन संघाची टोपी घालून फोटोसाठी उभा राहिला. आता कर्टिसचा कागद झाला की बारा लाखांच्या कागदावर सही व्हायची.

तेवढ्यात कर्टिसला आणायला विमानतळावर गेलेल्या ड्रायव्हरचा फोन आला. विमान रिकामं झालं होतं आणि नोव्होत्नी नावाचं कुणी उतरलं नव्हतं.

टटलने बाहेर येऊन कर्टिसला फोन लावला. "अरे, आहेस कुठे?"

"शाळेत, साहेब. विज्ञान शिकवायची नोकरी लागली. वर्ग लावतोय."

"आणि सही?"

"ती नाही करणार. सकाळीच कळवायला हवं होतं, चुकलं माझं. काल बाबांचा अंत्यविधी झाला, त्या गडबडीत राहून गेलं."

"वाईट झालं. पण ऐक, कर्टिस. वीस देतो. पन्नास देतो."

काचेपलीकडे डार्लीन लेकाच्या हातात पेन देत होती. हे वरचे चाळीस हजार तिच्याच बारा लाखांतून जाणार होते.

"पैशांचं काही नाही, साहेब. तुम्ही दहा सांगितले तेव्हाही नव्हतं."

"मग हो कशाला म्हणालास?"

कर्टिसने बाक सरकवल्याचा आवाज आला.

"सहाव्या फेरीत माझं नाव पुकारलं, तेव्हा बाबा जागे होते," तो म्हणाला. "मला तेवढंच हवं होतं."