ठकुबाईचा बाप्तिस्मा

पासलीच्या बाप्तिस्त मंडळीत १९३१ सालापर्यंत एकच माणूस बाप्तिस्म्यावाचून राहिलं होतं, आणि ती खुद्द पाळकाची बायको होती. ठकुबाईला पाण्याची फार भीती वाटे.

अखेर एका रविवारी सकाळी ती नवऱ्याबरोबर डोहात उतरली. काठावरून म्हातारा गेनबा म्हणाला, "पाळकीणबाई, आमी समदे बुडून वर आलोच की."

"माजा हात सोडू नगा," ती नवऱ्याला म्हणाली.

"न्हाई सोडत," शिमोन म्हणाला.

रिवाजाप्रमाणे तिने त्याचं डावं मनगट दोन्ही हातांनी धरलं. उजवा हात पाठीला देऊन त्याने तिला पुरतं बुडवलं आणि वर उचललं. मंडळी गाऊ लागली.

ठकुबाई हसत होती. तिचे केस कोरडे होते. कमरेवरचं लुगडंही कोरडं होतं. गाण्याच्या ठेक्यावर टाळ्या वाजवत ती काठाकडे निघाली.

शिमोन जागचा हलला नाही. पाण्याखाली त्याचं मनगट कोणीतरी अजून दोन्ही हातांनी गच्च धरलं होतं. बांगड्या रुतत होत्या. त्याने जीव खाऊन ओढलं, पण वर काही येईना.

मग एक बोट सैल झालं. मागोमाग दुसरं.